बंड, दरोडा की युद्ध? कथेआधी कलम वाचा

पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचे प्रस्ताव वाचनात येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: 'ब्रिटिशांनी राजद्रोहाचा कायदा वापरून क्रांतिकारकांना शिक्षा केल्या.' वाचायला बरं वाटतं, पण मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतात, 'कोणता कायदा? कोणतं कलम?' आणि तिथेच गाडी अडते. कारण 'राजद्रोहाचा कायदा' नावाची एकच एक वस्तू कधी नव्हतीच. बंड मोडण्यासाठी सरकारच्या पोतडीत निरनिराळी हत्यारं होती. कोणत्या माणसावर कोणतं हत्यार काढायचं हे सरकार ठरवत असे, आणि त्या निवडीवर माणसाचं आयुष्य तर ठरायचंच, पण आज तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाचायला मिळेल हेही ठरायचं. या लेखात मुख्यतः हीच निवड उलगडून पाहू.

सुरुवात 1897 च्या पुण्यापासून करा. वर्ष एक, शहर एक. प्लेगच्या बंदोबस्ताने लोक गांजलेले. 22 जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. यानंतर सरकारने तीन वेगवेगळ्या दिशांनी पावलं टाकली.

पहिलं पाऊल टिळकांवर. केसरीच्या 15 जूनच्या अंकातला मजकूर धरून त्यांच्यावर भारतीय दंडसंहितेच्या कलम 124 अ खाली खटला भरला. दुसरं दामोदर चाफेकरांवर. त्यांच्यावर खटला चालला तो साध्या खुनाचा, म्हणजे कलम 302 चा. 18 एप्रिल 1898 ला त्यांना फाशी झाली. तिसरं पाऊल सरदार नातू बंधूंवर, आणि इथे तर कलमच नव्हतं. 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 25 खाली त्यांना उचललं आणि खटल्याशिवाय डांबून ठेवलं. सत्तर वर्षांपूर्वीचं हे रेग्युलेशन. 'राजकैदी' म्हणून कुणालाही कोंडण्याची आणि सरदार-जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेण्याची मुभा त्यात होती. आरोप सांगायची गरज नाही, पुरावा द्यायची गरज नाही.

आता गंमत पाहा. गोळी झाडणारा 'खुनी' ठरला, लिहिणारा 'राजद्रोही' ठरला, आणि ज्यांच्याविरुद्ध कोर्टात सांगण्यासारखं काहीच नव्हतं ते 'राजकैदी' ठरले. चाफेकरांचा हेतू राजकीय होता हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. पण खून म्हणून चालवला की खटला सोपा होतो आणि हेतूची चर्चा कोर्टात कमीत कमी होते. बंडखोराला बंडखोर म्हणणं हे सरकारला नेहमी सोयीचं असतंच असं नाही, ही गोष्ट संशोधन करताना डोक्यात पक्की ठेवा.

साधनांच्या दृष्टीने या तिघांत मोठा फरक पडतो. टिळकांच्या खटल्याचा निकाल लॉ रिपोर्टमध्ये छापलेला आहे (आयएलआर 22 बॉम्बे 112), वर्तमानपत्रांनी सुनावणीचे रकाने भरले, शब्दाशब्दावर वाद झाला आणि तो नोंदला गेला. नातूंच्या बाबतीत साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, निकालपत्र नाही. जे आहे तो सरकारचा आपसातला पत्रव्यवहार, म्हणजे फक्त संशय. नातूंवर लिहायला बसलेला अभ्यासक नकळत सरकारी संशयाच्याच भाषेत लिहू लागतो, कारण दुसरी बाजू कागदावर उतरूच दिलेली नाही. कायदा निवडताना सरकार एक प्रकारे आपल्या दफ्तरखान्याचीही रचना करत होतं.

ही कलमं आली कुठून? मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1837 मध्ये दंडसंहितेचा मसुदा तयार केला. तो जवळपास पंचवीस वर्षं तसाच पडून होता. 1857 नंतर हालचाल झाली, 1860 मध्ये कायदा मंजूर झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाला. त्यातलं सहावं प्रकरण राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांचं. कलम 121 म्हणजे राणीविरुद्ध युद्ध पुकारणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्याला चिथावणी देणं. 122 म्हणजे त्यासाठी माणसं, शस्त्रं, दारूगोळा जमवणं. 123 म्हणजे असा बेत माहीत असून लपवणं. मेकॉलेच्या मसुद्यात राजद्रोहाचंही कलम होतं, 113 क्रमांकाचं, पण 1860 च्या कायद्यात ते आलंच नाही. ते आलं 1870 मध्ये, फिट्झजेम्स स्टीफनने, 124 अ म्हणून. त्याच वर्षी 121 अ, म्हणजे युद्धाचा कट, हेही कलम घातलं गेलं. तेव्हा वहाबी चळवळीची धास्ती होती. त्यामुळे 'राजद्रोहाचं कलम टिळकांसाठी आणलं' असं कुणी लिहिलं तर खुशाल खोडून टाका. टिळक तेव्हा चौदा वर्षांचे होते. शिवाय या कलमाखालचा पहिला मोठा खटला 1891 चा, कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्रावरचा.

कलम 121 ची शब्दरचना नीट बघा. इंग्लंडमधला राजद्रोहाचा मूळ कायदा 1351 सालचा. तिथे गुन्ह्याच्या मुळाशी निष्ठा असते: तू राजाचा प्रजाजन, तुझं त्याच्याशी बंधन, ते तू तोडलंस. आपल्याकडच्या कलमाची सुरुवात मात्र 'जो कोणी' अशी होते. तुमचं राज्याशी काय नातं, तुम्ही प्रजाजन कधी झालात, कुणी केलं, हे काही विचारायचंच नाही.

हा प्रश्न किती अडचणीचा होता ते बहादूरशहा जफरच्या खटल्यात दिसतं. 27 जानेवारी ते 9 मार्च 1858, लाल किल्ल्यात, लष्करी आयोगापुढे. बादशहावर आरोप काय, तर ब्रिटिश सरकारचा पेन्शनर असून त्याने बंडाला मदत केली आणि स्वतःला सार्वभौम राजा जाहीर केलं. पण कंपनीने बंगालची दिवाणी 1765 मध्ये घेतली ती कुणाकडून? मुघल बादशहाकडून. 1835 पर्यंत कंपनीची नाणी निघायची ती बादशहाच्या नावाने. मग बंडखोर कोण, मालक की दिवाण? एफ. डब्ल्यू. बकलर नावाच्या इतिहासकाराने 1922 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला, की कायद्याच्या नजरेने पाहिलं तर बंड कंपनीनेच केलं होतं. त्यावर त्या काळी बरीच खडाजंगी झाली. तुम्ही बकलरशी सहमत व्हा असं मी म्हणत नाही; 1857 पर्यंत बादशहाच्या सत्तेत उरलं काय होतं, असं विरोधकही विचारू शकतात. पण त्याचा निबंध मिळवून वाचाच. एखादा 'गुन्हा' ठरण्याआधी सार्वभौम कोण हे कसं गृहीत धरलेलं असतं, ते त्यातून चांगलं कळतं.

मराठी दफ्तरांत काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आपल्या जुन्या कागदांत 'फितवा', 'फितूर', 'हरामखोरी' हे शब्द सारखे येतात. आंद्रे विंक यांनी 1986 च्या पुस्तकात असं दाखवायचा प्रयत्न केला, की अठराव्या शतकात फितवा हा राज्यकारभाराचा अपवाद नव्हता, राज्य वाढवण्याचीच ती रीत होती. रुसलेल्याला फोडायचं, वतन द्यायचं, आपल्याकडे वळवायचं. मला ही मांडणी थोडी जास्तच गुळगुळीत वाटते, कारण 1681 मध्ये अण्णाजी दत्तो आणि इतरांना संभाजीराजांविरुद्धच्या कटासाठी देहान्त शासन झालंच होतं. पण वाटाघाटीची ही रीत खरी होती, आणि इंग्रजांनीही ती लगेच सोडली नाही. उमाजी नाईकांना 1828 च्या सुमारास माफी देऊन सरकारी चाकरीत घेतलं होतं. पुढे ते पुन्हा उठले, 1831 च्या अखेरीस पकडले गेले आणि 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी गेले. त्यांच्याबद्दलचं सगळ्यात तपशीलवार समकालीन लेखन कुणाचं आहे? त्यांच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशचं. रणजित गुहा यांचा 'प्रतिबंडाचं गद्य' या विषयावरचा 1983 चा निबंध वाचताना मॅकिंटॉश शेजारी ठेवा. दोन्ही एकमेकांमुळे जास्त कळतात.

1862 नंतर मात्र 'जो कोणी' आला, आणि त्याची परीक्षा महाराष्ट्रात वासुदेव बळवंत फडक्यांच्या खटल्यात झाली.

इथे एक कायदेशीर बारकावा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. दंगल आणि युद्ध यांत फरक कशाने पडतो? माणसांच्या संख्येने नाही, शस्त्रांनीही नाही. उद्देशाने. शे-दोनशे माणसं एका सावकाराच्या वाड्यावर चालून गेली तर तो दंगा किंवा दरोडा. पाचच माणसं सरकार उलथण्याच्या बेताने निघाली तर ते युद्ध होऊ शकतं. म्हणून 12 मे 1875 ला सुप्यात सुरू झालेले दख्खनचे दंगे, सावकारांची खतं जाळणाऱ्या शेतकऱ्यांचे, हे कितीही पसरले तरी 'राणीविरुद्ध युद्ध' ठरले नाहीत. रोख सावकाराकडे होता.

चार वर्षांनी फडके रामोशी साथीदारांना घेऊन धामारीसारख्या गावांवर दरोडे घालू लागले. बाहेरून पाहिलं तर हेही दरोडेच. मग ते युद्ध कशाने ठरलं? त्यांच्याच हस्ताक्षराने. दरोड्यांतून पैसा उभा करायचा, माणसं नेमायची, दळणवळण तोडायचं आणि इंग्रजी राज्य हटवायचं, हा बेत त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत आणि आत्मकथनात लिहून ठेवला होता. जुलै 1879 मध्ये मेजर डॅनियलने त्यांना आजच्या विजापूर जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावी पकडलं, आणि ते कागद पुण्याच्या सेशन्स कोर्टात पुरावा झाले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांच्या बचावाला उभे राहिले. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, एडनला रवानगी झाली, आणि 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच ते गेले.

ज्या कागदांनी फडक्यांना एडनला पाठवलं तेच आज आपलं मुख्य साधन आहे. मुंबई सरकारने 1957 मध्ये काढलेल्या स्वातंत्र्य चळवळीच्या साधनखंडात ते तुम्हाला सापडतील, पण इंग्रजीत, सरकारी भाषांतरातून. म्हणजे एका मराठी माणसाचं स्वतःबद्दलचं लेखन, फिर्यादी पक्षाच्या कामासाठी इंग्रजीत गेलेलं, आणि आपण ते पुन्हा मराठीत आणून उद्धृत करतो. असं उद्धरण 'फडके म्हणतात' अशा शब्दांत देताना, हे त्यांचे मूळ शब्द नाहीत हे लिहायला विसरू नका. आणि ज्या रामोशी साथीदारांनी काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांचा उद्देश कायद्यापुढे सिद्ध करायला कागदच नव्हता. लिहिणाऱ्याचं बंड, न लिहिणाऱ्याचा दरोडा. हा फरक आपल्या पाठ्यपुस्तकांतही उतरला आहे, आणि त्यावर नीट काम व्हायला हवं असं मला वाटतं.

भाषांतराचा मुद्दा टिळकांच्या दोन्ही खटल्यांत तर कळीचाच झाला. 1897 मध्ये ज्युरीचे नऊ जण: सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रीतीचा अभाव. मराठी कायद्याच्या पुस्तकांत आजही त्यासाठी 'अप्रीती' असा शब्द भेटतो. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा, आणि लेखामुळे कुठे दंगा झाला की नाही याच्याशी कर्तव्य नाही! शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. 1898 मध्ये हा व्यापक अर्थ कायद्यात दुरुस्ती करून पक्का केला गेला. 1908 मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांनी स्वतःच बचाव केला, एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला मोठा भाग भाषांतर कसं चुकलं हे दाखवण्यात गेला. खास ज्युरी नको, मराठी जाणणारे लोक हवेत, ही मागणी आधीच फेटाळली गेली होती. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. (हेच दावर 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. इतिहासात असे योगायोग भेटतात; त्यांतून फार अर्थ काढू नये, पण विसरूही नये.)

एका कलमाखाली एकदा दीड वर्षं आणि एकदा सहा वर्षं, हे लक्षात घ्या. 124 अ लवचिक होतं. नुसता दंड ते जन्मठेप, काहीही देता येत असे. कलम 121 तसं नव्हतं. तिथे दोनच पर्याय: फाशी किंवा जन्मठेप काळं पाणी. शिवाय सगळी मालमत्ता जप्त. जप्तीची ती तरतूद 1921 पर्यंत होती. गुन्हा एकदा सिद्ध झाला की दया दाखवायची म्हटली तरी न्यायाधीशाच्या हातात त्याहून कमी काही नसे. म्हणजे शिक्षा खरं तर निकालाच्या दिवशी ठरतच नव्हती. कोणतं कलम लावायचं हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी ती ठरत होती.

बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर, यांचा खटला या नजरेने वाचा. 1908 मध्ये नाशिकहून त्यांनी 'लघु अभिनव भारत माला' म्हणून छोट्या कवितांचं पुस्तक काढलं. टिळकांचे लेख छापील शब्द, या कविताही छापील शब्द. पण बाबारावांवर 124 अ बरोबर 121 ही लावलं: युद्धाला चिथावणी. बचाव असा, की कवितांत देव आहेत, पुराणं आहेत, शिवाजी महाराज आहेत. आजच्या सरकारचं नावही नाही. शिवाय युद्ध झालंच नाही तर चिथावणी कशाची? जून 1909 मध्ये जन्मठेप झाली. अपील मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे आलं. चंदावरकर इथलेच, ही भाषा आणि हे संदर्भ जाणणारे, प्रार्थना समाजाचे पुढारी. टिळकांच्या ज्युरीला मराठी कळत नव्हती ही तक्रार इथे करायला जागाच नव्हती. उलट त्यांना सगळं कळत होतं म्हणूनच त्यांनी म्हटलं, की देवांची आणि वीरांची नावं हे निमित्त आहे, खरा उपदेश तलवार उचला हाच आहे. आणि युद्ध प्रत्यक्ष झालंच पाहिजे असं नाही, कुणा एका विशिष्ट माणसाला भडकावलं असंही दाखवायला नको. नोव्हेंबर 1909 मध्ये शिक्षा कायम झाली. बाबाराव अंदमानला गेले.

पुढच्याच महिन्यात, 21 डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनला मारलं. कान्हेरेंवर खटला चालला तो खुनाचा. 1897 चंच चित्र पुन्हा: पिस्तूलवाल्याला 302, आणि या वेळी कवितांना 'युद्ध'. दंडसंहितेतलं सगळ्यात जड कलम बंदुकीपेक्षा पुस्तकावर पडलं, याचं उत्तर सरकारच्या भीतीत शोधावं लागेल, आणि ते अंदाजाने नाही, कागदांतून.

कागद कुठे? हे कामाचं आहे, लिहून घ्या. सहाव्या प्रकरणातल्या गुन्ह्यांसाठी न्यायालय परस्पर खटला घेऊ शकत नसे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 196 प्रमाणे सरकारची मंजुरी लागायची. मंजुरी लागते म्हणजे फाइल तयार होते. पोलिसांचा अहवाल, भाषांतरकाराचं टिपण, कायदा सल्लागाराचं मत, सचिवांचे शेरे. 'हे कलम लावलं तर टिकेल का' अशी चर्चा असते ती इथे, निकालपत्रात नव्हे. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या फाइली मागताना खटल्याची तारीख देऊ नका, खटल्याच्या आधीचे तीन-चार महिने मागा. सोबत त्याच आठवड्यांचे देशी वर्तमानपत्रांवरचे गोपनीय अहवाल काढा. एखादं वाक्य आधी त्या अहवालात साध्या इंग्रजीत आलेलं असतं आणि खटल्याच्या भाषांतरात जास्त धारदार होतं का, हे ताडून पाहता येतं. एवढ्या तुलनेवरही एक चांगला शोधनिबंध उभा राहू शकतो.

124 अ ची पुढची वाट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. 1942 मध्ये फेडरल कोर्टाने म्हटलं की सार्वजनिक शांतता बिघडवण्याची चिथावणी हवी. 1947 मध्ये, राज्य जायला काही महिने उरलेले असताना, प्रिव्ही कौन्सिलने मुंबई प्रांतातल्याच सदाशिव नारायण भालेराव खटल्यात ते खोडून पुन्हा टिळक खटल्याचा अर्थ उचलून धरला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात परत फेडरल कोर्टाची वाट धरली. 11 मे 2022 ला कलम स्थगित झालं, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्या जागी वेगळ्या शब्दांचं कलम 152 आहे.

कलम 121 ची वाट मात्र फार कमी जण चालून पाहतात. नोव्हेंबर 1945, पुन्हा लाल किल्ला. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल, गुरबक्षसिंग धिल्लन या आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात आरोप होता सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. भुलाभाई देसाईंनी बचावात 'जो कोणी' या शब्दांनाच हात घातला: स्वतःचं सरकार, स्वतःची सेना असलेल्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी केलेलं युद्ध हे आंतरराष्ट्रीय कायद्याने युद्धच आहे, देशाच्या दंडसंहितेचा त्याला स्पर्श होत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही, तिघेही दोषी ठरले. जानेवारी 1946 च्या सुरुवातीला निघालेल्या सरकारी पत्रकात तेच कारण दिलं होतं जे आपण बाबारावांच्या वेळी पाहिलं: युद्धाचा गुन्हा शाबीत झाल्यावर फाशी किंवा जन्मठेप यांशिवाय तिसरी शिक्षा न्यायालयाला देताच येत नव्हती. मग सरसेनापती ऑकिनलेक यांनी आपल्या अधिकारात जन्मठेप माफ केली, बडतर्फी कायम ठेवली, आणि तिघे लाल किल्ल्यातून बाहेर पडले.

कलम तिथेच राहिलं. राणीच्या आणि राजाच्या जागी 'भारत सरकार' आलं. 'जो कोणी' मध्ये परदेशी माणूसही बसतो, हे मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्याच्या खटल्यात, ऑगस्ट 2012 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 147 आहे. शिक्षा आजही दोनच, फाशी किंवा जन्मठेप, वर दंड.